आजोबांच्या पायावरचे खवले आणि नातीच्या अंगावरचे खवले एकच का?

आटपाडी तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. तिने लिहिलेलं थोडक्यात असं:

"माझी मुलगी सात महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा सगळ्या अंगावर प्लास्टिकसारखा चकचकीत पापुद्रा होता, पापण्या उलटलेल्या होत्या. बारा दिवस पेटीत ठेवलं होतं. पापुद्रा निघून गेला, पण खालून तपकिरी खवले यायला लागले आणि आता ते अंगभर आहेत. एका डॉक्टरांनी इक्थिओसिस सांगितलं, दुसऱ्यांनी सोरायसिससारखं वाटतंय म्हणून मलम दिलं. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच. ती म्हणते, 'तुझ्या बापाच्या पायालाबी ल्हानपणापासनं असलंच हाय, त्याचं काय वाईट झालं? वाढंल तसं जाईल.' शेजारच्या बायका म्हणतात मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. हा नेमका कुठला आजार आहे आणि तो ओळखायचा कसा?"

ताई, मी गेली २२ वर्षं सांगलीत त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे इथे निदान करणार नाही. पण तुम्ही जे बारकावे लिहिले आहेत, त्यातून बरंच काही सांगता येतं. त्यातला एक बारकावा फार मोलाचा आहे, तो म्हणजे जन्मावेळचा पापुद्रा.

आधी शेजारणींचं उत्तर देते, कारण ते तुमच्या मनाला जास्त टोचत असणार. भाजी चिरल्याने हे झालेलं नाही. ग्रहणाने नाही, गरोदरपणात साप दिसल्याने नाही, कुणी काही केल्याने नाही. हा आजार जनुकातला आहे आणि गर्भ राहिला त्याच क्षणी तो ठरलेला होता. तुम्हाला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. माझ्याकडे येणाऱ्या अशा बाळांच्या बहुतेक आया हा दोष उरात घेऊन येतात आणि पहिल्या भेटीत त्यातला एक शब्द बोलत नाहीत. म्हणून मी न विचारताच सांगते.

आता मूळ मुद्दा. तुमचा प्रश्न 'हे इक्थिओसिस आहे का' असा दिसतो, पण खरी अडचण वेगळी आहे. इक्थिओसिस हे एका आजाराचं नाव नव्हे, ते आडनाव आहे. ग्रीक भाषेत 'इक्थिस' म्हणजे मासा. अंगावर माशासारखे खवले दिसतात म्हणून ते नाव पडलं. पण एका आडनावाची माणसं सारखी असतात का? या घराण्यात तीसहून जास्त आजार आहेत. त्यांची वर्गवारी २००९ साली फ्रान्समधल्या सोरेझ गावी भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत नव्याने केली गेली. तिथे दोन मोठे गट पाडले: ज्यात मुख्य बिघाड त्वचेपुरता आहे ते, आणि ज्यात त्वचेसोबत मेंदू, यकृत, केस अशा इतर अवयवांनाही त्रास आहे ते. तुमच्या आत्याबाईंचा अनुभव खोटा नाही. तुमच्या वडिलांना जे आहे तेही बहुधा इक्थिओसिसच असेल. फक्त वडिलांचा आजार एक आणि मुलीचा दुसरा, अशी दाट शक्यता आहे. 'वाढंल तसं जाईल' हे एकाला बऱ्यापैकी लागू पडतं, दुसऱ्याला नाही.

खवले मुळात येतात कसे, ते कळलं की पुढचं सोपं जातं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची भिंत असते. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधले दर्ज भरलेले असतात ते चरबीच्या लेपाने. सर्वसाधारणपणे महिन्याभरात खालून नवी वीट वर येते आणि जुनी डोळ्यांना दिसणारही नाही अशी गळून पडते. इक्थिओसिसमध्ये एक तर वीट कच्ची असते, नाही तर दर्ज नीट भरलेले नसतात, नाही तर जुन्या विटा सुटतच नाहीत. शरीराला कळतं की भिंत गळते आहे, म्हणून ते घाईघाईने थरावर थर चढवत जातं. तो साचलेला ढीग म्हणजे खवले. म्हणजे खवले हा आजार कमी आणि गळक्या भिंतीवर शरीराने केलेली डागडुजी जास्त. खवले खरवडून काढले की आजार गेला असं होत नाही, ते एवढ्यासाठीच.

आता वडिलांच्या पायांकडे येऊ. या घराण्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे इक्थिओसिस व्हल्गॅरिस. युरोपातल्या पाहण्यांत साधारण अडीचशे माणसांत एकाला तो सापडतो, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. यात बाळ जन्मताना अगदी स्वच्छ असतं. काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, नडग्यांवर आणि हातांच्या बाहेरच्या बाजूला बारीक, पांढुरके खवले दिसू लागतात. कोपराची आतली घडी, गुडघ्यामागची खाच आणि काख मात्र मऊ राहतात. तळहातांवरच्या रेषा नेहमीपेक्षा जास्त आणि खोल असतात. चाळिशीच्या माणसाचा तळहात सत्तरीचा वाटावा अशा. दंडांवर, मांड्यांवर हाताला खरखरीत लागणारे बारीक पुटकुळे असतात. घरात कुणाला तरी दमा, सारखी शिंक किंवा खाज येणारा इसब असतो. थंडी पडली की वाढतं, पावसाळ्यात बरं वाटतं. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड याला कारण आहे, हे २००६ साली सिद्ध झालं. वडिलांचं वर्णन तुम्ही 'पायाला' एवढंच केलं आहे, पण लहानपणापासून, फक्त पायांना आणि काही वाईट न होता, या तीन गोष्टी मला तिकडेच नेतात.

इथे एक अट घालते. हे जर लहानपणापासून नसून पन्नाशीत नव्याने सुरू झालं असतं, तर मी वेगळं बोलले असते. मोठेपणी अचानक अंग खवल्यांनी भरलं तर थायरॉइड, कुष्ठरोग, एचआयव्ही, लसिका ग्रंथींचा कर्करोग, खाण्यातली मोठी आबाळ अशा गोष्टी शोधाव्या लागतात. कुष्ठरोगावरच्या क्लोफाझिमिन या औषधानेही पाय काळपट आणि खवलेदार होतात. वडिलांची गोष्ट खरोखर लहानपणापासूनची आहे ना, हे आत्याबाईंनाच नीट विचारा. वडिलांची मोठी बहीण तीच असणार. तिला आठवत असेल.

मुलीची गोष्ट जन्मापासून सुरू होते, आणि सगळा फरक तिथेच पडतो. जन्मतः चकचकीत, ताणलेला, तेलकट कागदासारखा पापुद्रा अंगावर असलेल्या बाळाला आम्ही कोलोडियन बेबी म्हणतो. कोलोडियन हे जखमेवर लावायचं, वाळल्यावर पारदर्शक पापुद्रा होणारं एक जुनं द्रावण. हा पापुद्रा दोन ते चार आठवड्यांत फाटून निघून जातो. पापुद्रा हा स्वतः आजार नाही, ते दार आहे. दारातून आत गेल्यावर कुठल्या खोलीत पोचाल, हे तेव्हा सांगता येत नाही. दहातलं साधारण एखादं बाळ असं असतं की पापुद्रा गेल्यावर त्वचा जवळजवळ नेहमीसारखी होते. बाकीच्यांत बहुतेक करून दोन प्रकार निघतात.

पहिला लॅमेलर इक्थिओसिस. यात खवले मोठे, जाड, तपकिरी ते काळपट, पत्र्यासारखे असतात. उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या तळाचा गाळ कसा तडकतो, चौकोनी चौकोनी तुकडे होऊन कडा वर उचलल्या जातात, ते दृश्य तुम्ही आटपाडीकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको. अगदी तसं. आणि अंगभर: घड्या, मान, टाळू, चेहरा, काहीही सुटत नाही. त्वचा ताणलेली असल्याने खालची पापणी बाहेर वळते, कधी ओठही. कान चपटे, थोडे चुरगळलेले वाटतात. कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. तळहात-तळपाय जाड होतात, भेगाळतात. दुसरा प्रकार लालसर त्वचेचा: अंग लाल आणि त्यावर बारीक, पांढरे, सुटे खवले. पापण्यांचा त्रास त्यात सहसा कमी असतो.

तुम्ही तपकिरी लिहिलं, अंगभर लिहिलं, जन्मतः पापण्या उलटलेल्या होत्या असं लिहिलं. हे तिन्ही पहिल्या प्रकाराकडे बोट दाखवतात. जगभराचा अंदाज असा की लाख-दोन लाख जन्मांत असं एक बाळ. तरीही सातव्या महिन्यात मी शिक्का मारत नाही. पहिल्या वर्षात लाल प्रकार तपकिरी होताना आणि तपकिरी प्रकार फिका पडताना मी पाहिला आहे. एकाच जनुकाचा बिघाड दोन मुलांत दोन रूपं घेऊ शकतो. लॅमेलरमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ट्रान्सग्लुटॅमिनेज-१ नावाच्या, विटा पक्क्या करणाऱ्या एन्झाइमचा बिघाड. तो १९९५ मध्ये शोधला गेला. पण त्याखेरीज आणखी अनेक जनुकांतूनही हेच चित्र उभं राहतं. म्हणून शेवटचा शब्द जनुकीय तपासणीचा.

दुसऱ्या डॉक्टरांना सोरायसिस का वाटलं असेल? लाल त्वचा आणि खवले एवढंच घाईत पाहिलं तर वाटू शकतं. पण सोरायसिस जन्मतः दिसणं फारच विरळ. त्याचे चट्टे असतात, त्यांची हद्द बोटाने आखता येते, चट्ट्यांच्या मधली कातडी चांगली असते, आणि तो येतो-जातो. तुमच्या मुलीला चांगली राहिलेली जागाच नाही. त्या मलमाची ट्यूब आज उलटून नाव वाचा. त्यात स्टेरॉइड असेल तर अंगभर लावणं थांबवण्याविषयी लगेच डॉक्टरांशी बोला. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंदही करू नका, विचारून करा. गळक्या भिंतीतून औषध जसं रक्तात शिरतं, तसं चांगल्या त्वचेतून शिरत नाही. हे वाक्य या आजारात पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं.

बाकीचे भाऊबंद थोडक्यात सांगते, कारण ते वगळल्याशिवाय निदान पुरं होत नाही. जवळजवळ फक्त मुलग्यांत होणारा एक प्रकार आहे, आईकडून येणारा. त्यात खवले मळकट तपकिरी असतात, मानेच्या बाजूला जास्त दिसतात. आया म्हणतात, 'कितीबी घासलं तरी मान काळीच.' चेहऱ्याचा मधला भाग आणि तळहात मात्र स्वच्छ. बऱ्याचदा मामालाही तेच असतं, आणि बाळंतपणात कळा लवकर सुरू झालेल्या नसतात. एका प्रकारात जन्मतः फोड येतात, कातडी सोलवटते, आणि पुढे घड्यांमध्ये नांगरलेल्या सरींसारख्या जाड रेषा बनतात. एकात केस बांबूच्या पेरांसारखे मधेच फुगून तुटतात आणि बाळाला अन्नाच्या ॲलर्जी जडतात. एकात खाज खूप, आणि वर्ष-दीड वर्षाला पाय ताठ होऊ लागतात, मूल चालायला मागे पडतं. एकात यकृत मोठं होतं आणि रक्ताच्या साध्या स्लाइडवर पांढऱ्या पेशींत चरबीचे थेंब दिसतात. ही तपासणी स्वस्त आहे आणि मी प्रत्येक कोलोडियन बाळाची करून घेते. सगळ्यात गंभीर प्रकार म्हणजे हार्लेक्विन; चिलखतासारखी जाड कातडी आणि त्यात खोल चिरा. तो तुमच्या मुलीला नाही, हे तुमच्या वर्णनावरूनच सांगता येतं.

म्हणून तुमच्या मुलीची त्वचा बघताना मी त्वचेखेरीज बरंच बघेन: मान धरली आहे का, पाय मोकळे हलतात का, पोट हाताला कसं लागतं, केस कसे आहेत, वजन किती वाढलं. हे सगळं ठीक असेल तर आजार त्वचेपुरता आहे असं धरता येतं, आणि ती फार मोठी दिलाशाची गोष्ट आहे. लॅमेलर इक्थिओसिस असलेल्या मुलांची बुद्धी उत्तम असते. ती शिकतात, लग्न करतात, म्हातारी होतात. माझ्याकडे अगदी लहानपणापासून येणारी एक मुलगी आज साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते.

आता ज्या चार गोष्टींनी मला या आजारात खरी काळजी वाटते, त्या सांगते. खवल्यांचं दिसणं त्यात नाही.

पहिली गोष्ट उष्णता. नवा माठ कसा सारखा पाझरत राहतो, तशी ही त्वचा चोवीस तास पाणी गमावते. पण गरज पडते तेव्हा घाम मात्र येत नाही, कारण घामाची तोंडं खवल्यांनी बुजलेली असतात. आटपाडी, जत, माण, खटाव इकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. दुपारी दोनला पत्र्याच्या घरात अशा बाळाचं अंग तापतं आणि घरचे 'ताप आला' म्हणून औषध देत बसतात. काही वर्षांपूर्वी जतकडून एक बाळ आणलं होतं, १०३ ताप, तीन दिवस प्रतिजैविक चालू. कपडे काढले, ओल्या फडक्याने अंग पुसलं, पंख्याखाली ठेवलं, दूध पाजलं; तासाभरात अंग निवलं. याचा अर्थ जंतुसंसर्ग कधीच नसतो असं नाही. अंग थंड करूनही ताप उतरला नाही, बाळ मलूल असेल, दूध घेत नसेल तर दवाखाना गाठायचाच. पण उन्हाळ्यात घराची सगळ्यात गार खोली तिची असू द्या, पातळ सुती कपडे, दर तासा-दोन तासाला ओलं फडकं, आणि अंगावरचं दूध मागेल तेव्हा. शेक-शेगडी, धुरी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. या बाळासाठी ती पूर्ण बंद.

त्याला जोडून आणखी एक सांगते. या बाळांना पेट्रोलियम जेली, पॅराफिन सतत लावावं लागतं आणि ते कपड्यांत, दुपट्यात मुरतं. असे कपडे चटकन पेट घेतात आणि धुतल्यावरही त्यातला अंश राहतो. तिला कडेवर घेऊन चुलीपाशी बसू नका. देवापुढच्या निरांजनापासूनही लांब.

दुसरी काळजी डोळ्यांची. पापणी बाहेर वळलेली असली की झोपेत डोळा पुरता मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, आणि त्यावर जखम झाली तर नजर जाऊ शकते. मुलगी झोपल्यावर टॉर्च घेऊन बघा: पांढरी फट दिसते का? दिसत असेल तर दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री डोळ्यांचं मलम लागेल, ते नेत्रतज्ज्ञ लिहून देतील. पापणीखालच्या गालाला रोज अनेकदा मऊ मलम चोळत राहिलं की ताण कमी होतो. हे साधं वाटतं, पण काही मुलांची शस्त्रक्रिया एवढ्याने टळली आहे.

तिसरी कानांची, आणि ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कानाच्या नळीतही खवले साचतात. खटावकडचा एक अडीच वर्षांचा मुलगा 'अजून बोलत नाही, डोकं कमी आहे' म्हणून आणला होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दोन्ही कानांतून बुचासारखे खवल्यांचे गोळे काढले. आठवड्याने आजी म्हणाली, आता हाक मारली की मान वळवतोय. त्या मुलाची बोलायला शिकायची दोन वर्षं फुकट गेली होती. तीन-चार महिन्यांनी कान साफ करून घ्यायचे, घरी काडी घालायची नाही, आणि ऐकण्याची तपासणी एकदा आताच करायची.

चौथी वाढ आणि हाडं. त्वचा सतत नवी बनवण्यात आणि पाणी उडण्यात इतकी ऊर्जा जाते की ही बाळं खाऊनही वजनाला मागे राहतात. जाड खवल्यांतून ऊन आत पोचत नाही, म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडतं आणि मुडदूस होतो. आपल्याकडच्या मुलांत हे वारंवार दिसतं. सातवा महिना म्हणजे वरचं अन्न सुरू झालेलं असेल; खिमटीत तूप घाला, अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा, आणि ड जीवनसत्त्वाची मात्रा बालरोगतज्ज्ञांना विचारून नियमित द्या. लसी सगळ्या वेळेवर.

रोजची निगा सांगते. कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं बाळाला खेळू द्या, मग मऊ फडक्याने सुटतील तेवढेच खवले पुसून घ्या. घट्ट चिकटलेला खवला ओढायचा नाही. डाळीचं पीठ, हळद, वजरी, घासणी काहीही नको. अंग टिपून ओलसर असतानाच पांढरी पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन लावायचं, आणि दिवसातून चार-पाच वेळा पुन्हा. औषधाच्या दुकानात पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा मागा, वासाची रंगीत महाग क्रीम नको. उन्हाळ्यात जेली जड होते, तेव्हा दिवसा हलकं क्रीम आणि रात्री जेली. टाळूवर तेल रात्रभर ठेवून सकाळी बोथट कंगव्याने हलक्या हाताने.

खवले विरघळवणारी मलमं असतात: युरिया, लॅक्टिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड. मोठ्या मुलांत ती छान काम करतात. वर्षाच्या आत मी ती वापरत नाही, आणि सॅलिसिलिक ॲसिड तर लहान मुलांत अंगभर कधीच नाही. पाच महिन्यांच्या एका बाळाला कुणीतरी सांगितलं म्हणून ते मलम अंगभर लावलं गेलं होतं. बाळ धापा टाकत, उलट्या करत, सुस्त होऊन दाखल झालं. रक्तात औषधाचं विष झालं होतं. वाचलं. पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही.

पोटात घ्यायची औषधं आहेत, अ जीवनसत्त्वापासून बनवलेली, जसं ॲसिट्रेटिन. खवले बरेच पातळ होतात, घामही थोडा सुटतो. पण आजार मुळातून जात नाही. गोळी थांबली की खवले परततात. यकृत, रक्तातली चरबी, हाडं यांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि मुलगी असल्यामुळे आणखी एक विचार: हे औषध गर्भाला फार घातक आहे आणि बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू देता येत नाही. म्हणून ते कधी, किती दिवस द्यायचं, हे तिच्या वयाप्रमाणे ठरवायचं. आत्ता घाई नाही.

सासूबाई आत्या आहेत हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्यासाठी ती मोठी खूण आहे. लॅमेलर होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. एकच असेल तर माणूस अगदी निरोगी असतो, त्याला पत्ताही नसतो. तुमचे वडील आणि तुमच्या सासूबाई भावंडं, म्हणजे तुमचे आजी-आजोबा आणि तुमच्या नवऱ्याचे आजी-आजोबा एकच. त्या दोघांपैकी एकाकडे असलेलं ते जनुक दोन वाटांनी खाली आलं आणि तुमच्या लेकीत भेटलं. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी, मायेची रीत आहे. शेतीवाडी, माणसं जोडलेली राहतात. तुमच्या संसाराला मी नाव ठेवत नाही. फक्त पुढच्या पिढीची सोयरीक ठरवताना घरात हे माहीत असावं.

पुढच्या बाळाचा हिशेब असा: प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. 'एकीला झालं, आता तिघं चांगली होतील' असं नाही; प्रत्येक वेळी पुन्हा चारात एक. आधी मुलीच्या रक्तातून नेमकं जनुक शोधून ठेवलं, तर पुढच्या गरोदरपणात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. जनुकीय आजारासाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याने चालते. मुलीची तपासणी आधी झालेली नसेल तर त्या वेळी धावाधाव होते आणि दिवस निघून जातात. नमुना इथून पुण्या-मुंबईला जातो, अहवालाला काही आठवडे लागतात, खर्च हजारांत आहे. घाई नसेल तर पैसे साठवून वर्षभरात करा. पण दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आत्ताच.

शेजारणींना एवढंच सांगा की हे संसर्गाने होत नाही. तिचा पापा घेतला, तिचं उष्टं खाल्लं, एका दुपट्यात झोपलं तरी कुणाला काही होणार नाही. तिला घ्या, खेळवा. अंगणवाडीत नाव घालायच्या वेळी डॉक्टरांची एका ओळीची चिठ्ठी सोबत न्या. बाई विचारायच्या आत दाखवलेली बरी.

मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखवा किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पण जाताना जन्माच्या वेळचे मोबाइलमधले फोटो, दवाखान्यातून सोडतानाचा कागद, वजनाचं कार्ड आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब न्या. बाळाला त्या सकाळी काही लावू नका, म्हणजे खवल्यांचा खरा रंग दिसेल. आणि वडिलांनाही सोबत घेऊन जा, पायाला तेल न लावता. डॉक्टरांना सांगा, आधी यांचे तळहात आणि गुडघ्यामागची खाच बघा, आणि मग बाळाची तीच जागा बघा.